एका प्रश्नाला नऊ पानं

"बाई, राग मानू नका, पण तुमचीच पानं एकमेकांचे पाय ओढतायत," असा शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, तेव्हा लेखिकाबाईंच्या तोंडात चहाचा घोट होता, आणि तो गिळावा की आधी उत्तर द्यावं हेच त्यांना क्षणभर कळेना. बोलणारी होती दुरुस्तीवाली. साहेबांनी तिला वेबसाइट सुधारायला बाहेरून बोलावून घेतलं होतं आणि तिला येऊन आठवडाही झाला नव्हता. तिच्या कामाचं खरं नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या लक्षात राहीना. मग ऑफिसने आपलं सोपं केलं, दुरुस्तीवाली. तिनेही ते मनावर घेतलं नाही. फोन आला की हसत म्हणायची, "हां, बोला, दुरुस्तीवालीच बोलतेय." कंपनी कानाची मशीनं विकायची आणि बसवून द्यायची. कंपनीच्या वेबसाइटवरचं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं लिहिणं लेखिकाबाईंचं. आणि अलीकडे त्या वेबसाइटवर चिटपाखरू फिरकेना. कुणी सर्चमध्ये लिहिलं, 'ऐकायला कमी येतंय, काय करू', तर कंपनीचं पान इतकं खाली सापडायचं की तिथवर बोट सरकवत जायला माणूस रिकामटेकडाच असायला हवा. साहेबांकडे यावर वर्षानुवर्षं एकच औषध होतं. "लेखिकाबाई, आणखी एक पान टाका बरं त्याच विषयावर. जरा जोरदार." आणि बाई टाकायच्या. जोरदार. आता त्या जोरदार पानांनीच घात केला म्हणे.

दुरुस्तीवालीने पडदा त्यांच्याकडे वळवला. एकच प्रश्न आणि त्याच्याखाली बाईंची नऊ पानं. "हे बघा, सर्चने परवा या पानाला वर घेतलं होतं, काल त्याला खाली टाकलं आणि हे दुसरं वर. आज दोन्ही गायब. सर्चला कळतच नाहीये, तुमचं खरं उत्तर यातलं कोणतं. मग ते कंटाळतं आणि दुसऱ्याच दुकानाचं पान वर ठेवून मोकळं होतं. नऊ जण एका दारातून एकदम आत घुसायला लागले तर कसं होईल, तसं झालंय. पानं वाईट नाहीत हो. फार आहेत." ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की रागावायचीही सोय राहिली नाही. पण बाईंचे कान तापले ते तापलेच. नऊ. त्यांनी कधी मोजली नव्हती. प्रत्येक पान त्यांना आठवत होतं, लेकरांच्या जन्मवेळा आठवाव्यात तसं. पहिलं लिहिलं तेव्हा ऑफिस जिन्याखालच्या खोलीत होतं आणि वरून कुणी उतरलं की डोक्यावर धाडधाड व्हायचं. एक लिहिलं दातदुखीत, एका हाताने गाल धरून. एक साहेबांवर चिडून, त्यांच्याच मीटिंगमध्ये बसून, कुणाला कळू न देता. आणि एक, या सगळ्यांत धाकटं, 'बाबा ताट घेऊन खोलीत जातात तेव्हा'. ते त्यांनी कुणी सांगितलं म्हणून लिहिलंच नव्हतं. इतकं चांगलं आपल्या हातून पुन्हा व्हायचं नाही हे त्यांना लिहितानाच कळलं होतं, आणि ते वाचायला कुणीही आलं नव्हतं. आता नवांतली आठ जाणार म्हटल्यावर पहिली कुऱ्हाड कुणावर पडणार, हे काय सांगायला हवं? बाईंनी चहा तसाच ठेवला.

त्या पानातले बाबा म्हणजे बाईंचेच वडील. बाईंच्याच घरी राहायचे, मागच्या खोलीत, खिडकीशी. आयुष्य छापखान्यात गेलेलं. मोठ्या यंत्रावर उभे असायचे ते, आणि बाई लहानपणी डबा घेऊन गेल्या की त्यांना आधी तो आवाज छातीत लागायचा आणि मग बाबा दिसायचे. त्या गदारोळात बाबा यंत्राच्या अंगावर तळहात टेकवून उभे राहायचे आणि कोणता रूळ बिघडतोय ते नुसत्या थरथरीवरून सांगायचे. पन्नास माणसं आणि मालक एकीकडे, आणि बाबांचा तळहात एकीकडे. तळहातच खरा निघायचा. असा बाप दुसऱ्या कुणाला नव्हता. त्या यंत्रानेच त्यांचे कान नेले. हळूहळू नेले, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्यांदा फोन गेला. फोन आला की बाबा तो दुसऱ्याच्या हातात द्यायला लागले. मग पाहुणे आले की त्यांना झोप यायला लागली. मग टीव्ही गेला. आणि मागच्या थंडीत एक दिवस ते जेवायला सगळ्यांबरोबर बसले होते, नातवंडं काहीतरी सांगून खो खो हसली, बाबाही हसले, एक क्षण उशिराने, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत. बाईंना ते दिसलं. बाबांनाही बाईंना दिसलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं ताट उचललं आणि खोलीत नेलं. तेव्हापासून रोज. आणि जिची कंपनी कानाची मशीनं विकते त्या लेकीच्या बापाचं मशीन खणात, कापसावर, नवंकोरं पडून. ऑफिसात कुणाला हे ठाऊक नव्हतं. बाईंना त्याची लाज होती आणि त्या लाजेची वेगळी लाज होती.

बरं, बाबांना सांगायचं राहिलं होतं असंही नाही. सांगून सांगून घर थकलं होतं. दादा, म्हणजे बाईंचा थोरला भाऊ, दर रविवारी व्हिडिओवर यायचा आणि हात तोंडाशी धरून ओरडायचा, "बाबा, मशीन घाला, मेंदूला चांगलं असतं ते!" बाईंचा नवरा मिस्कील माणूस, तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायचा की रस्त्यावर गाडीचा हॉर्न ऐकू येणार नाही, सांभाळा. नातवंडं कानाशी जाऊन किंचाळायची. आणि बाई तर या विषयातल्या मुरलेल्या. त्या बाबांपुढे लक्षणं मांडायच्या, कारणं मांडायच्या, लवकर घातलं तर सवय लवकर होते हे मांडायच्या, तोल जातो, पडायची भीती असते, हेही मांडायच्या. बाबा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "हो हो." त्या हो होच्या पुढे भिंत होती. "फार हट्टी झालेत," दादा म्हणायचा. बाईंना तो शब्द टोचायचा, पण दुसरा शब्द त्यांच्याकडेही नव्हता. रात्री अंथरुणावर पडलं की एकच भीती वाटायची. बाबा घरात असतील, वेळेवर जेवतील, वर्तमानपत्र वाचतील, आणि तरी घरात नसतील. असं हळूहळू उठून गेलेलं माणूस परत कसं बोलवायचं असतं? त्याचं एकही पान बाईंना लिहिता आलं नव्हतं.

आता दुरुस्तीवालीच्या कामाची तऱ्हा सांगायला हवी, कारण बाई त्या तऱ्हेनेच हळूहळू तिच्या होत गेल्या. आधी तर त्यांनी ठरवलंच होतं की हिच्याशी कामापुरतंच बोलायचं. पण बघितल्याशिवाय राहवेना. कोणतं पान किती जणांनी पाहिलं त्या आकड्यांचा तक्ता ती आधी मिटून ठेवायची. मग एक मोकळी खुर्ची ओढून आणायची, आपल्यासमोर ठेवायची, आणि वेबसाइटवरचं एकेक पान त्या खुर्चीला वाचून दाखवायची. मोठ्याने नाही, पण पुटपुटतही नाही. समोर कुणी बसलंय आणि त्याला घाई नाहीये, अशा बेताने. हिशेबनीस पहिल्या दिवशी हसून हसून बेजार झाला. "अहो, खुर्चीला चहा सांगू का?" दुरुस्तीवाली म्हणाली, "सांगा की, दोन सांगा, मी पिते." आणि पुन्हा वाचायला लागली. पान संपलं की ती खुर्चीकडे टक लावून बघायची आणि बाईंना विचारायची, "इथे कोण बसलंय?" मशीन कसं पुसायचं त्या पानाला ती म्हणाली, "इथे मशीनवाला माणूस बसलाय, चिडलाय, कारण मळ साचलाय. याचं दुसऱ्या कुणाशी भांडण नाही. राहू दे याला." मशीनच्या किमतींच्या पानाला म्हणाली, "हा निर्णय घेऊन आलाय. याला समजावत बसू नका, याला वाट दाखवा. राहू दे." जे दोन माणसांना वेगळं काही सांगतंय ते पान तिने कधी मारलं नाही, शब्द सारखे असले तरी. आणि शब्द वेगळे असूनही जी पानं एकाच माणसाच्या कानाशी लागली होती ती तिने अचूक धरली. बाईंना वाटलं, इतकी वर्षं मी लिहिते आणि साहेब आकडे बघतात. मधे जो माणूस बसलाय त्याच्याकडे कधी कुणी बघितलं होतं का? हिने बघितलं. हिच्याकडून शिकायला हवं. असं वाटल्यावर त्यांचा राग बराचसा ओसरला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी डब्यात एक पोळी जास्त आणली.

त्या नऊ पानांची पाळी आली ती एका दुपारी. बाहेर रस्ता खणायचं काम चाललं होतं आणि खिडक्या लावून घेतल्या होत्या. दुरुस्तीवालीने पहिलं पान वाचलं आणि लगेच पुढचं उघडलं. दुसरं वाचलं. बाई शेजारी बसून दुसरंच काहीतरी करत असल्याचं सोंग करत होत्या. स्वतःचं लिहिणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे आपलाच आवाज शेजारच्या घरातून यावा तसं झालं होतं त्यांना. तिसऱ्या पानाशी त्या अस्वस्थ झाल्या. 'कमी ऐकू येणं ही लाजायची गोष्ट नाही.' हे मघाशी आलं होतं ना? चौथ्यातही आलं. 'त्यांना पाठीमागून हाक मारू नका.' हेही आलं होतं. 'तो हट्ट नसतो, तो थकवा असतो.' सहाव्यात, सातव्यात, आठव्यात. जिन्याखालच्या खोलीत लिहिलेलं आणि दातदुखीत लिहिलेलं आणि साहेबांवर चिडून लिहिलेलं, सगळं तेच. मथळा नवा, सुरुवात नवी, आणि चार ओळींनंतर बाई पुन्हा त्याच जागी उभ्या, तेच म्हणत. आपण इतकी वर्षं वेगवेगळं लिहितोय असं समजत होतो! शेवटचं, ताटाचं पान दुरुस्तीवालीने फार हळू वाचलं. एका वाक्याशी ती थांबली, पुन्हा मागे गेली, पुन्हा वाचलं. मग तिने नेहमीसारखं समोरच्या खुर्चीकडे बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "या नवांच्या खुर्चीत एकच माणूस आहे. गर्दी नाही, एकच. वयस्कर आहे, हुशार आहे, आवाजात काम केलेला आहे. आणि तो ऐकत नाहीये म्हणून हे पुन्हा पुन्हा लिहिलंय. कोण आहेत ते?"

बाई उठल्या आणि तोंड धुवायला गेल्या. नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या. आरशात बघायचं धाडस होईना. सर्चला गोंधळात टाकणारी ती पानं, एक धाकटं सोडलं तर, साहेब म्हणाले म्हणून लिहिली असं त्या सांगत आल्या होत्या. साहेबांनी फक्त दार उघडं ठेवलं होतं, आत जाऊन ओरडत होत्या त्या. अख्ख्या जगासाठी म्हणून लिहिलं, आणि लिहिलं मागच्या खोलीत खिडकीशी बसलेल्या माणसासाठी, ज्याने त्यातलं एक अक्षर वाचलं नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि रडता रडता एकदम हसूही आलं, कारण दादा, नवरा, नातवंडं यांना त्या काय म्हणायच्या? "सगळे एकदम नका रे बोलू त्यांच्याशी!" नळ बंद करून त्या बाहेर आल्या आणि खाली बसत म्हणाल्या, "माझे वडील."

"त्यांनी वाचलीत का ही?"

"नाही."

"मग तुम्ही तरी कशा थांबणार," दुरुस्तीवाली म्हणाली. एवढंच म्हणाली. धीर दिला नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, आणि ते ऑफिसात कुणाला सांगितलंही नाही. डब्यातली पोळी अर्धी करून बाईंपुढे सरकवली आणि म्हणाली, "आता यांचं काय करायचं ते बघू." बाईंनी मनातल्या मनात तिला नमस्कार केला. एखाद्याचं इतकं उघडं बघून पुन्हा कामावर बोट ठेवायचं, हे यायला फार मोठं मन लागतं.

साहेब आले. साहेबांना सोपा उपाय हवा होता. "सगळ्यात जुनं ठेवा, बाकीची उडवा. त्या जुन्याचा पत्ता बाकीच्या वेबसाइटवाल्यांनी दिलेला आहे, डॉक्टर लोक तोच पाठवतात." हे खरं होतं. जुनं पान म्हणजे 'श्रवणदोष: लक्षणे, कारणे, उपाय'. कोरडं ठणठणीत. बाईंनी ते नोकरी नवी असताना जीव मुठीत धरून लिहिलं होतं. ताटाच्या पानाचा पत्ता कुणाकडेच नव्हता. बाईंनी मान खाली घातली. दुरुस्तीवाली म्हणाली, "पत्ता जुनाच ठेवू, साहेब. लोकांना तो तोंडपाठ आहे. पण त्या पत्त्यावर राहायला आणायचं या धाकट्या पानाला. बाकीच्या आठांच्या दारातून कुणी आलं तर त्याला न विचारता इथेच आणून सोडायचं. कुणी उपाशी परत जाता कामा नये." साहेब म्हणाले, "पण त्यात बाबा, ताट वगैरे आहे. लोकांना लक्षणं हवी असतात." ती म्हणाली, "लक्षणंच आहेत ती, साहेब. ताट खोलीत जाणं हे पहिलं लक्षण आहे. डॉक्टरच्या आधी ते घरातल्यांना दिसतं." मग, साहेब असले तरी माणूस वाईट नव्हता, ते म्हणाले, "माझी आई अशीच गच्चीवर जाऊन बसायची." आणि निघून गेले. बाई दुरुस्तीवालीकडे बघतच राहिल्या. "अगं, तू वकील का नाही झालीस?" पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून अगं निघालं. ती म्हणाली, "लिहा आता. एकच पान. प्रत्येक गोष्ट एकदाच."

लिहायला बसल्यावर कळलं की एकदाच म्हणणं किती अवघड असतं. नऊ पानं शेजारी शेजारी मांडून बाई खोडत गेल्या. लाजायची गोष्ट नाही, हे एकदा ठेवलं, आठदा खोडलं. पाठीमागून हाक, एकदा. थकवा, एकदा. तोल, पडणं, मेंदू, हॉर्न, सवय, सगळं एकेकदा. खोडताना सुरुवातीला जीव तुटत होता, मग हलकं वाटायला लागलं, आणि मग एक भलतीच भीती वाटायला लागली. कारण सगळं एकेकदा ठेवून झाल्यावर त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं आणि त्यांना दिसलं की त्यात कान आहे. कानाबद्दल जे जे काही माणसाला ठाऊक असायला हवं ते सगळं आहे. सावधगिरी आहे, माया आहे, माहिती आहे. पण एवढा आटापिटा कशासाठी? बाबांनी मशीन घालावं, ते कुणासाठी? मेंदूसाठी, तोलासाठी, हॉर्नसाठी. जे वाक्य या सगळ्याच्या मुळाशी होतं, ज्याच्यासाठी नऊ वेळा घसा फोडला होता, ते नऊपैकी एकाही पानावर नव्हतं. कुठेच नव्हतं. ते त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं, आणि म्हटलंही नव्हतं. त्यांनी ते पानाच्या अगदी वर लिहिलं. दुरुस्तीवालीने येऊन वाचलं, खुर्चीला न दाखवता, उभ्या उभ्या, आणि म्हणाली, "हं. आता याच्याशी भांडायला दुसरं कोणी नाही." मग तिने बाकीची आठ दारं एकेक करून या पानाकडे वळवली. ते बघताना बाईंना छापखान्यातली ती घडी आठवली, बाबा खटका दाबायचे आणि एवढं मोठं यंत्र एका क्षणात गप्प व्हायचं, आणि मग माणसांचे आवाज ऐकू यायला लागायचे. "आता काही आठवडे याला हात लावायचा नाही," दुरुस्तीवालीने बजावलं. "वर येईल का, किती येईल, मी वचन देत नाही. पण आता निदान काय म्हणायचंय ते कळतंय." आणि ती पिशवी घेऊन पुढच्या कंपनीत निघून गेली. खुर्ची जागेवर ठेवून गेली.

रविवारी दुपारी घर जेवायला बसलं. बाबांनी नेहमीसारखं ताट वाढून घेतलं आणि खोलीकडे वळले. दादाचा व्हिडिओ यायचा होता. बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "आज दादाला म्हणावं, उद्या कर." नवऱ्याने बायकोचं तोंड बघितलं आणि फोन उचलून गच्चीवर गेला. बाई बाबांच्या खोलीत गेल्या. बाबा खिडकीशी बसून जेवत होते, पाठ दाराकडे. त्यांनी हाक मारली नाही. वळसा घालून त्या समोर पलंगाच्या कडेवर बसल्या, उजेड तोंडावर येईल अशा, आणि बाबांनी वर बघेपर्यंत थांबल्या. बाबांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा लगेच हो होच्या तयारीला लागला. ते बाईंनी हजारदा पाहिलं होतं. इतकी पानं लिहिली, पण पानाच्या अगदी वर लिहिलेलं ते वाक्य तोंडाने म्हणायचं म्हणजे काय असतं ते आत्ता कळत होतं. त्या सावकाश, न ओरडता म्हणाल्या, "बाबा, मला तुमच्याशी बोलायचं असतं. रोज. मला तुमच्याशिवाय करमत नाही."

बाबांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. मग डोळ्यांकडे. हो हो म्हणाले नाहीत. हातातला घास तसाच राहिला. "पुन्हा म्हण," ते म्हणाले, आणि बाईंनी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी त्यांचा आवाज फुटला, पण बाबांना आवाज कुठे ऐकू येत होता, त्यांनी शब्द बरोबर धरले. खिडकीबाहेर कुणीतरी चादर झटकत होतं. बाबा त्या चादरीकडे बघत बसले, इतका वेळ की बाईंना वाटलं, झालं, आपण हेही वाया घालवलं.

"तुम्ही सगळे नुसतं कान कान करत होतात," बाबा म्हणाले. खूप दिवस न वापरलेल्या आवाजात, जरा जास्तच मोठ्याने. "मला वाटलं, माझ्याशी ओरडून ओरडून तुम्हाला कंटाळा आलाय. म्हणून मशीन घाला, मशीन घाला चाललंय. म्हटलं, कशाला पोरांना त्रास, आपणच आत बसावं." त्यांनी घास ताटात ठेवला. "बोलायचं आहे, हे कोणी बोललंच नाही गं."

बाईंनी मान हलवली, की नाही, नाही बोललं कोणी.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "तू हो पुढे," ते म्हणाले. "मी ताट घेऊन येतो."